मागच्या सीटचा पट्टा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही वेल्सच्या सीमेवरच्या श्रॉपशरला निघालो ते मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या ओढीने, असं जिलने सगळ्यांना फोनवर सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. घरात बसून इस्पितळाच्या फोनची वाट बघणं आम्हा दोघांनाही जमत नव्हतं. जिलच्या तपासण्या सोमवारी झाल्या होत्या. निकाल गुरुवारी दुपारपर्यंत फोनवर कळवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांनी जिलकडे न बघता खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं होतं. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरलं. कोण कुठे बघतं ते माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. जिलच्याही सुटलं नसणार. पण त्याबद्दल आम्ही बोललो नाही. लग्नाला एकोणपन्नासच वर्षं झाली आहेत. इतक्या लवकर मनातलं बोलून टाकायची आमच्याकडे पद्धत नाही.

मंगळवारी सकाळी केकचे दोन डबे, पावसाळी कोट आणि जिलची उशी गाडीत टाकून निघालो. लडलो या गावाच्या अलीकडे पाऊस लागला. तिथे रस्त्याकडेला एक दगडी बसथांबा आहे. बस बंद होऊन अकरा वर्षं झाली, पण थांब्याला गावाने रंग देणं सोडलेलं नाही.

"थांब, थांब," जिल म्हणाली. "भिजतायत बिचाऱ्या."

"कोण?"

तिने काच खाली केली होती. "आम्ही लडलोकडे चाललोय. येता का? मागे भरपूर जागा आहे."

जिलची ही जुनी खोड. ती कोणालाही जागा देते, कोणालाही चहाला बोलावते, आणि पाच मिनिटांची ओळख असलेल्या माणसालाही "आमच्याकडे राहायलाच या, कधीही या" असं सांगते. हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. फरक इतकाच, की बाकीच्यांचं कोणी मनावर घेत नाही.

ती पावसात उतरली, मागचं दार उघडलं, उशी बाजूला सरकवली, जरा वेळ तशीच उभी राहिली, मग दार लावून पुढे येऊन बसली.

"कोणी नव्हतंच," ती म्हणाली. "मला वाटलं, राखाडी कोट घातलेल्या एक बाई आहेत."

औषधांनी हल्ली तिला असं होतं. गाडी सुरू केली. ती पिंग पिंग करू लागली. मागे कोणी पट्टा न लावता बसलं की ही गाडी वाजते; मुलीने आग्रहाने घ्यायला लावलेली गाडी आहे, तिला आमच्यापेक्षा अक्कल जास्त. मी म्हटलं, केकच्या डब्यांचं वजन. डबे खाली ठेवले. पिंग चालूच. शेवटी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटक्यात अडकवला, तेव्हा गप्प झाली.

गॉर्डन माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याने आणि त्याच्या बायकोने, पेनीने, बागेकडच्या खोलीत चहा मांडला होता. टेबलावर पाच कप होते.

आम्ही चौघं. पेनीने पाचवा कपही भरला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि साखरेचं भांडं जरासं त्या बाजूला सरकवलं. मला वाटलं, पेनीचं विसरणं सुरू झालेलं दिसतंय, बिचारा गॉर्डन. गॉर्डन माझ्याकडे बघत होता, त्याच्याही चेहऱ्यावर तसंच काहीतरी, बिचारा क्लेम. क्लेम म्हणजे मी. आम्ही दोघांनी मिळून पावसावर बोलणं काढलं. आमच्याकडे कोणी साखळीला मगर बांधून आला, तरी आम्ही फक्त तिला चहात दूध चालतं का एवढंच विचारू.

उठताना माझं लक्ष गेलं. पाचवा कप रिकामा होता.

फाटकापर्यंत सोडायला आलेला गॉर्डन मागच्या काचेशी वाकला आणि म्हणाला, "भेटून बरं वाटलं हं." मग माझा खांदा दाबून हळूच म्हणाला, "फार बोलत नाहीत, नाही?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ती रात्र लडलोतल्या एका खानावळीच्या माडीवर काढली. बुधवारी जिल दिवसभर झोपूनच होती. तिला थंडी वाजत होती. "मागून वारं येतंय," असं ती गाडीत दोनदा म्हणाली होती. काचा बंद होत्या. गाडीत ओल्या लोकरीचा वास होता आणि त्यात मिसळलेला पुदिन्याच्या गोळ्यांचा. आम्ही दोघंही पुदिन्याच्या गोळ्या खात नाही.

गुरुवारी सकाळी क्लनला ऑड्री आत्याकडे गेलो. आत्या चौऱ्याण्णव वर्षांची आहे. ती खिडकीतच बसली होती. मी दार वाजवायच्या आत तिने ते उघडलं, पण बोटभरच.

"जिल येऊ दे," ती म्हणाली. "ती दुसरी गाडीतच राहू दे."

जिलला तिने शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली. जिल पाच मिनिटांत पेंगू लागली. मग आत्याने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"कोण दुसरी, आत्या?"

"मी म्हातारी आहे, क्लेम, आंधळी नाही." तिने केटल ठेवली. "हिला मी ओळखते. आमचे हे, तुझे आर्थरकाका, आजारी होते तेव्हा आली होती. दारात उभी होती, मी म्हटलं, बसा. तेवढंच चुकलं माझं. सतरा दिवस बसली. त्यांच्या उशाशी, खुर्ची ओढून."

"आणि मग गेली कशी?"

"ते गेले, तशी ती गेली."

केटलचं पाणी उकळू लागलं. आत्याने गॅस बंद केला आणि चहा करायचं विसरून तशीच उभी राहिली.

"जिलनेच बोलावलं असणार," ती म्हणाली. "तिची जीभच तशी."

"तिला जा म्हणून सांगता येत नाही का?"

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवणाच्या टेबलावर बूट ठेवले असावेत. "पाहुण्याला? मला ते जमलं नाही, तुलाही जमणार नाही. दुसऱ्या कोणी आपणहून राहा म्हटलं, तर त्याच्याकडे राहते. एवढं मला माहीत आहे, कसं ते विचारू नकोस."

माझ्या मनात होतं ते माझ्या चेहऱ्यावर असणार, कारण आत्या लगेच म्हणाली, "मी नाही म्हणणार हं. मला अजून नाताळ बघायचाय."

निघताना तिने आल्याचा केक बांधून दिला आणि जिलचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला. मागच्या सीटकडे तिने एकदाही बघितलं नाही. मी गाडी सुरू केली. पिंग. पट्टा सुटलेला होता. मी उतरलो, मागचं दार उघडलं आणि तो पुन्हा अडकवला. अडकवताना तो मला नेहमीपेक्षा पुष्कळ लांब ओढावा लागला, कोणाच्या तरी पोटावरून घ्यावा लागतो तसा.

क्लनहून आम्ही सरळ घरी जायचं ठरलं होतं. मी चौकात गाडी उलट्या बाजूला वळवली.

"हा रस्ता कुठे जातो?" जिलने विचारलं.

"लेनर्डकडे."

"लेनर्डकडे? तू? आपणहून?"

तिला नवल वाटणं साहजिक होतं. लेनर्ड माझा चुलतभाऊ. बहात्तर वर्षांचा, एकटा, आणि त्याला कधीच काही झालेलं नाही. तो रोज पहाटे नदीत पोहतो आणि भेटेल त्याला त्याबद्दल सांगतो. लहानपणी शर्यतीत तो पहिला यायचा आणि मागे वळून मला टाळ्या वाजवायचा. आता गावच्या प्रदर्शनात त्याच्या भोपळ्याला दर वर्षी पहिलं बक्षीस मिळतं. त्याच्याकडे जायचं मी गेली सहा वर्षं टाळत होतो. तो वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

वेनलॉक एज या डोंगररांगेच्या पायथ्याशी त्याचं घर आहे. लेनर्ड गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत सामोरा आला, माझी पाठ थोपटली, माझ्या पोटाकडे बघून मान हलवली. मग मागचं दार त्यानेच उघडलं, वाकून हात पुढे केला आणि म्हणाला, "सावकाश हं, इथे चिखल आहे."

जिल सरळ आत गेली आणि बैठकीच्या सोफ्यावर आडवी झाली. तिचा चेहरा लेनर्डच्या भिंतीइतका पांढरा होता. मी बाहेरच थांबलो. लेनर्ड मला भोपळा दाखवायला मळ्यात घेऊन गेला, आणि चालताना अधूनमधून उजवीकडे बघून बोलत होता. मी त्याच्या डावीकडे होतो.

"कोण रे या?" एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

"जिलच्या ओळखीच्या."

"एकट्याच असतात?"

"असं दिसतंय."

लेनर्डने टोपी काढून केसांवरून हात फिरवला. सहा वर्षांत त्याच्याकडे राहायला कोणी आलेलं नसावं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग तो मोकळ्या वाफ्याकडे तोंड करून म्हणाला, "बाई, तुम्हाला इथली हवा मानवेल. घाई नसेल तर राहा की चार दिवस. माडीवरची खोली रिकामीच आहे."

तेवढ्यात मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी भोपळ्याकडे बघत राहिलो. चांगला भोपळा होता.

"राहतात म्हणे," लेनर्ड म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमची हरकत नाही ना?"

"छे," मी म्हटलं. "खुशाल."

आम्ही निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. लेनर्ड छत्री घेऊन फाटकात उभा होता. छत्री त्याने एका बाजूला कलती धरली होती. त्याचा स्वतःचा खांदा भिजत होता.

मी गाडी सुरू केली.

पिंग नाही.

मी मागे हात नेऊन पट्टा सोडला. तरी नाही.

चार मैलांनंतर जिलने काच खाली केली, आणि ओली माती आणि शेणखताचा वास आत आला. दुसरा कुठलाच वास नव्हता. "ऊन पडतंय," ती म्हणाली.

मग फोन वाजला. मी गाडी एका शेताच्या फाटकाशी घेतली. जिल ऐकत होती आणि नुसती "हो" म्हणत होती. पाच वेळा हो. सहाव्यांदा तिचा आवाज फुटला.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांनाच नवल वाटतंय."

आम्ही दोघं रडलो. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी. फाटकापलीकडच्या गाई जवळ येऊन बघत राहिल्या, आणि आम्ही आत्याचा केक हातानेच मोडून अर्धा संपवला. त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जिल गाणी म्हणत होती. सगळी चुकीच्या सुरात. मला लेनर्डची आठवण झाली नाही, असं म्हणणार नाही. झाली, दोनदा. दोन्ही वेळा मी आवाज मिळवून गाऊ लागलो.

पुढचे पाच दिवस जिल बागेत होती. गुडघे मातीत टेकून गुलाब छाटत होती. मी खिडकीतून तिच्याकडे बघायचो आणि लेनर्डला फोन करायचं उद्यावर टाकायचो.

मंगळवारी संध्याकाळी मी वाचनालयातून परत आलो, तर ती टेबलाशी बसून पाकिटं आवरत होती. गाल लाल झालेले, तब्येत झकास.

"तुझा लेनर्ड भलताच छुपा निघाला," ती म्हणाली. "बाई आहे त्याच्याकडे. किती व्यवस्थित पत्र लिहिलंय बघ. भेटीनंतर आभाराचं पत्र लिहिणारी माणसं राहिलीत कुठे आता."

पत्र निळ्या शाईत, बारीक, नेटक्या अक्षरात होतं.

"प्रिय जिल, तुम्ही आपणहून जागा देऊ केलीत, ते विसरले नाही. निवांत बोलणं मात्र राहून गेलं. लेनर्ड फार अगत्याने ठेवून घेत आहेत. शनिवारपासून अंथरुणातच असल्यामुळे त्यांना सोबत लागते. रविवारपर्यंत मी मोकळी होईन, असं वाटतं."

खाली सही नव्हती.

"जागा कधी दिली मी हिला?" जिल म्हणाली. "दिली असेल. मी काय, कोणालाही देते. पण लेनर्ड आजारी पडला, हे नवलच. फोन कर त्याला."

"हो," मी म्हटलं. "उत्तर लिहू नकोस इतक्यात."

"टाकलंसुद्धा. साडेचारला पेटी उघडतात ना."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"काय लिहिलंस?"

"काय लिहिणार, नेहमीचंच. मोकळ्या झालात की आमच्याकडे राहायलाच या म्हटलं." ती बोलताना तोंडात काहीतरी घोळवत होती. मग तिने पाकीट उलटं करून टेबलावर आपटलं, आणि पांढऱ्या कागदात गुंडाळलेली एक गोळी घरंगळत माझ्या हातापाशी आली.

"पुदिन्याची," ती म्हणाली. "दोन पाठवल्यात. ही तुझी."