पाच नंबरची मशीन, मधली ओळ

१९७९ साल सरत असताना मी भंडाऱ्याच्या एका टायपिंग क्लासमध्ये नाव घातलं. आमचं गाव कारधा, नदीच्या अलीकडे. रोज सकाळी पुलावरून चालत जायचे. थंडीत वैनगंगेवर इतकं धुकं असायचं, की समोरून येणाऱ्या सायकलची घंटी आधी ऐकू यायची आणि माणूस मागून दिसायचा.

धनीराम सरांचा नियम कडक होता. पहिले दोन महिने फक्त मधली ओळ. ए, एस, डी, एफ, जी, एच, जे, के, एल. या नऊ अक्षरांत जेवढे इंग्रजी शब्द बसतील तेवढेच मारायचे, तेही बोटांवर पुठ्ठा धरून, न बघता. ग्लास, फ्लास्क, सॅलड, डॅड... माझी बॅच आठची, मशीन पाच नंबरची.

तिसऱ्या दिवशी त्या मशीनमध्ये आधीच एक कागद लावलेला दिसला. त्यावर दोनच शब्द — सॅड लॅड. उदास मुलगा. सातच्या बॅचमधलं कोणीतरी विसरलं असेल, म्हणून मी गमतीनं खाली 'आस्क' मारलं. विचार, काय विचारायचं ते. कागद तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर होतं — अ लॅड फॉल्स. मुलगा पडतो. मी खाली मारलं, हाफ अ ग्लास, लॅड? अर्धा ग्लास काहीतरी पी बाबा. त्याच्या खाली पुढच्या सकाळी आलं — हाफ अ ग्लास, लॅस. लॅस म्हणजे पोरगी. मी मुलगी आहे, हे त्याला कसं कळलं?

मग रोजच सुरू झालं. नऊ अक्षरांत माणूस किती बोलणार? पण मी पूल भराभर ओलांडायला लागले. शेजारच्या मशीनवर रुखमिणी बसायची. एकदा तिनं विचारलंच, एकटीच काहून हसते म्हणून. मी कागद दाखवला. तिचा चेहरा उतरला.

"शकुन, सातच्या बॅचले पाच नंबरवर कोणी बसत नाही. भोजराज बसे. तो पावसाळ्यात पुलावरून वाहून गेला, सायकलसकट."

धानाच्या कापणीत विळा लागून भोजराजची डावी करंगळी अधू झाली होती, हेही तिनं सांगितलं. 'ए' करंगळीनं मारायचा असतो. त्याचा 'ए' नेहमी फिका उमटायचा आणि सर त्यावरून रोज बोलायचे.

दोन दिवस मी क्लासला गेले नाही. घरी वेगळंच चाललं होतं — अड्याळचे पाहुणे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मला बघायला येणार होते. मी मात्र अंगणात उन्हात बसून जमवलेले कागद बघत होते. बघता बघता लक्षात आलं... एकही 'ए' फिका नव्हता. उलट इतका गडद, की कागदाला मागून टोचत होता. हा हात जिवंत माणसाचा होता. मला रडू आलं, आणि त्या रडण्यावरूनच मला माझं मन कळलं. तो कोण आहे ते पाहुणे येण्याआधी शोधायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहालाच निघाले, सातच्या बॅचच्याही आधी. पुलावर मागून सायकलची घंटी वाजली. मी कठड्याला सरकून वाट दिली. कोणीच पुढे गेलं नाही. धावतच क्लास गाठला. दार अर्धं उघडं, आत अंधुक उजेडात एकच मशीन वाजत होती. रुंद खांद्यांचा एक मुलगा डोळे मिटून बसला होता.

"भोजराजची मशीन काहून वाजवता?" मी विचारलं.

तो टेकचंद. पितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात हातोडा चालवायचा, भोजराजचा लहानपणापासूनचा सोबती. सातची बॅच यायच्या आधी बसायला सरांनीच त्याला किल्ली दिली होती.

"आमच्या गावात सोबती धानाचं रोवणं अर्धं टाकून गेला, तर त्याच्या शेताची बांधी आपण पुरी करतो," तो म्हणाला. "त्याचा क्लास अर्धा राहिला होता. मले एवढीच ओळ येते, त्यानं शिकवलेली."

"आन् लॅस? तेही त्याच्यासाठीच?"

तो कानापर्यंत लाल झाला. खिशातून माझी हरवलेली केसांची पिन काढून त्यानं मशीनवर ठेवली. "नाही... ते माह्यासाठी."

मी अड्याळच्या पाहुण्यांचं सांगितलं. त्यानं बोटं ठेवली आणि मारलं — अ लॅड शॅल आस्क डॅड. मुलगा वडिलांना विचारेल.

"वरची-खालची ओळ येत असती, तर दुसरा शब्द लिहिला असता," तो खाली बघत म्हणाला.

"तो मलेही अजून शिकवला नाही सरांनी," मी म्हटलं.

संक्रांतीच्या सकाळी किल्ली खिशात घेऊन तो थेट आमच्या घरी आला. माझे वडील, तुलाराम, यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पोहता येते काय?"

"नाही जी. भोजराजले येत होतं."

वडिलांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. अड्याळला येऊ नका म्हणून निरोप गेला.

त्याच दिवशी आठला आम्ही क्लासवर पोचलो. तो सायकल हातात धरून दोन पावलं पुढे, मी मागे. सणाची सुट्टी होती, कुलूप त्यानं माझ्यासमोर काढलं. पाच नंबरवर कागद लावलेला होता. ग्लॅड लॅड. खूश मुलगा. टेकचंदनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही तो मारला नव्हता.

'ए' फिका होता. दोन्ही शब्दांतला.

रुखमिणी लाखनीला नांदते, नातवंडांत रमली आहे. धनीराम सर गेले. क्लास बंद झाला, तेव्हा पाच नंबरची मशीन आम्ही घरी आणली. टेकचंदला जाऊन चार वर्षं झाली. मशीनवरची धूळ मी रोज पुसते, पण कागद मात्र अजून लावलेला नाही. सकाळी उठावं, शब्द उमटलेला असावा आणि 'ए' फिका निघावा... तर काय करू? मला गडद हवा आहे.