शून्य माणसांचा मजला

ओवी लोटलीकर पुण्याच्या ऑफिसात चहा घेऊन बसली आणि सोलापूरच्या इस्पितळाचा नवा प्रकल्प मांडायला लागली. मांडायचं म्हणजे काय, तर मागच्या प्रकल्पाचा साचा उचलायचा आणि नाव बदलायचं. इमारतीतल्या पाणी, वीज, हवा, आग अशा व्यवस्था आखणाऱ्या सगळ्यांचीच ही खोड. वास्तुकाराने संगणकावर केलेली त्रिमिती प्रतिकृती मागे जोडायची, तिच्यावरून मजल्यांच्या पातळ्या उतरवून घ्यायच्या आणि प्रत्येक व्यवस्थेसाठी वेगळं दृश्य तयार करायचं. पाण्याच्या दृश्यात फक्त नळ, आगीच्या दृश्यात फक्त आगीची यंत्रणा. बाकीचं झाकून टाकायचं. नकाशे कागदावर छापले जायचे तेव्हा यात काही बिघडत नव्हतं. नकाशात झाकलेला खांब जागेवर उभाच असायचा.

आता नकाशे कोणी छापत नाही. ‘वास्तुपाल’ नावाचा संगणक थेट प्रतिकृती वाचतो आणि इमारत चालवतो. झडपा तोच उघडतो, पंखे तोच फिरवतो, दारंही तोच लावतो. रुग्णांच्या खासगीपणाच्या नियमामुळे इस्पितळात कॅमेरे लावता येत नाहीत, त्यामुळे त्याला दिसतात ती फक्त दृश्यं. ज्या भागाला आखणाऱ्याने ‘जागा’ म्हणून हद्द घालून दिली नाही, तिथे त्याच्या हिशेबी माणूस असूच शकत नाही.

या जुन्या इस्पितळात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये नळ्या आणि यंत्रांसाठी एक बुटका मजला होता. पाहणीच्या वेळी तिथले देखरेख करणारे बिराजदार ओवीला तिथे घेऊन गेले. वाकूनच आत शिरावं लागलं. आत चटया अंथरलेल्या होत्या, नळीवर लुगडं वाळत होतं आणि काशव्वा नावाची एक म्हातारी कढणाचं पातेलं विजेच्या शेगडीवर ठेवत होती. तिची सून वर बाळंत झाली होती.

बिराजदार ओशाळून म्हणाले की नातेवाइकांना वर थांबू देत नाहीत आणि बाहेर ऊन सोसवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लोक इथेच टेकतात. इथे राहायला परवानगी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. हाकलणारं मात्र कोणी नव्हतं.

“हितं गार लागतंय बघ बाई,” काशव्वा म्हणाली आणि तिने ओवीच्या हातात कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी ठेवली. ओवीने खाल्ली. चटणी झणझणीत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा म्हातारी पोट धरून हसली.

ऑफिसात परतल्यावर ओवीने हवेच्या दृश्यात त्या मजल्याला ‘जागा’ घालून पाहिली. लगेच पडद्यावर चाळीस तांबड्या सूचना उमटल्या. या दृश्यात जागा म्हटली की माणसं आपोआप धरली जात, माणसं म्हटली की ताजी हवा आली, आणि तेवढी हवा नेणाऱ्या नळ्याच तिथे नव्हत्या. शुक्रवारी मंजुरीची बैठक होती. ऑफिसचे प्रमुख म्हणाले, आधी मंजुरी घेऊ, दुरुस्ती पुढच्या फेरीत करू. ओवीने ‘जागा’ काढून टाकली. तांबडं गेलं, हिरवं आलं. तिला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. ती पुढची फेरी काही झाली नाही; इस्पितळ तसंच वास्तुपालाच्या हाती गेलं.

मे महिन्यात एका दुपारी बिराजदारांचा फोन आला.

“मॅडम, मधल्या मजल्यावर धूर हाय. दारं लागली. वायू सुटायला चार मिन्टं दाखवतंय. आत माणसं हायत.”

रिकाम्या भागात आग लागली की वास्तुपाल तिथे प्राणवायू हटवणारा वायू सोडतो. आग विझते. श्वास घेणारंही काही उरत नाही. वायू हाताने बंद करायची कळ त्याच मजल्यावर होती, पण आतल्यांना ती माहीत नव्हती, आणि रिकामा भाग म्हणून दारं आतूनही उघडत नव्हती.

“त्याला सांगा ना, आत माणसं हायत म्हणून,” बिराजदार म्हणाले. त्यांच्यामागे कोणीतरी दारावर पहारीचे घाव घालत होतं.

तिने आगीचं दृश्य उघडलं, मधली पातळी निवडली आणि भिंतीला भिंत जुळवत हद्द आखली. रोजची सवय कामी आली. पडद्यावर उमटलं: जागा स्वीकारली.

“घातली,” ती म्हणाली. “आता थांबेल.”

“थांबंना, मॅडम.”

आकडे उतरतच होते. ओवीने त्या जागेची माहिती उघडली. प्रकार: यंत्रखोली. माणसं: शून्य. आगीच्या दृश्यात साच्याबरोबर आलेला आकडा. आयता भरलेला रकाना तिने सहा वर्षांत कधी वाचलाच नव्हता. यंत्राच्या खोलीत माणसं नसतात, आणि तिने वास्तुपालाला तेच पुन्हा सांगितलं होतं.

“किती जण आहेत?”

“चार असतील.”

तिने चार लिहिलं. वायू सुटून अकरा सेकंद झाले होते.

वायू सुटताच पंख्यांना कुलूप लागतं आणि ते मजला थंड होईपर्यंत निघत नाही. पहारीने दार फुटलं तेव्हा शेगडीची वायर विझून गार झाली होती. काशव्वा पातेल्याशेजारीच होती. बाकीचे तिघे दाराशी.

चौकशीत ओवीने काहीच लपवलं नाही. पण वास्तुपालाच्या अहवालात त्या क्षणाची नोंद स्वच्छ होती: मधला मजला, माणसं शून्य, जीवितहानी शून्य. समितीला अहवाल सोयीचा वाटला.

तो मजला आता कायमचा बंद आहे. तरी धूर काढायला आगीनंतर वर जोडलेल्या जादा पंख्यांतून वास्तुपाल तिथे न चुकता चार जणांपुरती ताजी हवा सोडतो. वीज वाया जाते, दुरुस्ती करा, असं इस्पितळाचं पत्र आलं आहे. काम ओवीकडेच आलं.

तिने दृश्य उघडलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. हा आकडा बदलला की अहवाल आणि प्रतिकृती तंतोतंत जुळतील, आणि त्या मजल्यावर कधी कोणी होतं हे सांगणारं काही उरणार नाही.

पडद्यावर प्रश्न उमटला: माणसं चार. शून्य करायची का?