बघायला काय जातंय

बसा मास्तर. असं काय बघताय माझ्याकडे? सोफा शोभेचा असला तरी बसता येतं त्यावर. दिव्याचं बटण राहू द्या, तेही शोभेचंच. सगळं सांगते, फक्त मधे बोलू नका.

मी इथे आले ती माझ्या धाकट्या जावेला बोलवायला. दिवेलागणीची वेळ, तिच्या गॅसवर दूध, आणि बाई सॅम्पल फ्लॅट बघायला गेलेली! गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, अशीच मी शिलाई मशीनवरून उठले. आमची धाकटी म्हणजे आपल्या विरोधाची तोफ. या टॉवरच्या रस्त्यासाठी आपली घरांची अख्खी ओळ पाडणार म्हटल्यावर भर सभेत तिनेच बिल्डरला विचारलं होतं, "तुमच्या आईच्या घरावरून घाला की रस्ता!" आपण सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय त्यांना एक वीट हलवता येत नव्हती. म्हणून तर मैदानात हे नमुन्याचं घर उभं केलं आणि दाराशी खुर्ची टाकून त्यांचा तो गोडबोल्या गोड्या बसवला. "विरोध करा हो, खुशाल करा. पण आत येऊन बघायला काय जातंय?"

आणि जो आत गेला तो मऊ होऊन बाहेर आला. औषधवाला, दूधवाला, नाक्यावरचा न्हावी. सगळ्यांचं एकच पालुपद, "छान आहे. हवेशीर आहे." मला वाटलं, यांना काहीतरी चारलं. न्हाव्याला तर मी तोंडावर म्हटलं, "लाज विकलीस का रे?" तो नुसता हसला. शिवी दिल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, तो माणूस!

तर मैदानात धाकटी समोरूनच आली. म्हटलं, "अगं, दूध उतू गेलं असेल!"

"असू दे, ताई. छान आहे. हवेशीर आहे," म्हणाली आणि चालती झाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिलाही गुंडाळलं? आत असं आहे तरी काय, बघतेच. गोड्याला बाजूला सारून आत शिरले आणि दार धाडकन लावलं.

आत नव्या रंगाचा वास. त्याच्याखाली ओल्या मातीचा. टेबलावर प्लास्टिकची फळं, भिंतीला नुसते चिकटवलेले नळ, खिडकीच्या काचेवर निळ्या तळ्याचं चित्र. काळोख पडत चालला होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई... तूपण आलीस?"

पलंगाच्या कडेला धाकटी बसली होती. आत्ता मैदानात भेटलेली धाकटी. तिच्यामागे औषधवाला, दूधवाला, न्हावी... दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे भिंतीला टेकून.

"दार उघडू नकोस," ती म्हणाली. "उघडलं की पुन्हा हाच हॉल येतो. ओरडूही नकोस. बाहेरचं आत ऐकू येतं. आतलं बाहेर... नाही जात."

मी उघडलं. ओरडलेसुद्धा, माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. टाचण्या गिळता गिळता राहिल्या. दारापलीकडे हेच टेबल, हीच फळं.

मग तिने मला खिडकीशी नेलं. चित्राचा एक कोपरा तिने नखाने सोललाय. तिथून आपली ओळ दिसते. मला मी दिसले, मास्तर. मैदान ओलांडून घरी चाललेली.

भीती वाटली? वाटली की. पण त्याहून संताप आला. ती बाई माझ्या मशीनवर बसते. टेप हा बघा, माझ्याच गळ्यात आहे. तरी ती ब्लाउज बेतते आणि गिऱ्हाइकं म्हणतात, मापाला अगदी बरोबर! तेही जाऊ दे. पण आमचे हे! अख्खा संसार केला माझ्याबरोबर. काल पायरीवर बसून शेजाऱ्याला सांगत होते, "हल्ली आमची ही काही बोलत नाही हो. अगदी सुखात आहे." सुखात! अरे मेल्या, ज्याला बायको गेलेली कळत नाही, त्याला घर गेलेलं काय कळणार? माझं घर पाडायला ती माझ्याच तोंडाने हो म्हणून आली, आणि हे शेजारी उभे राहून मान डोलावत होते.

नाही म्हणणारे तुम्ही एकटे उरला होतात. तुमच्या जिवावर ओळ उभी होती. कशाला आलात? सगळे का फिरले ते बघायला? आणि चपला दाराबाहेर काढून आलात. भला माणूस.

या इकडे. कोपऱ्याला डोळा लावा... दिसला? तुमच्याच चपला घालून चाललाय. चालही तुमचीच. ती बघा तुमची नात, धावत आली. रोज येते ना, तुमच्या पिशवीत हात घालायला?

थांबली.

मास्तर, ती मागे सरकली. पिशवीला हात लावत नाहीये. माझ्या नवऱ्याला कळलं नाही, धाकटीच्या पोरांना कळलं नाही, आणि हिला कळलं! शाब्बास गं माझ्या बाई!

आजोबा म्हणून हाक मारतेय, ऐका... पण त्याच्याकडे बघून नाही. या खिडकीकडे बघून.

निघाली. इकडेच निघाली, पळत.

ओरडा ना, मास्तर! येऊ नको म्हणून ओरडा! मीही ओरडते, सगळे मिळून...

शू. दाराशी खुर्ची सरकली.

"ये बाळ. बघायला काय जातंय?"