ईटच्या तारामतीबाई

एसटी जळकोटला बंद पडली नसती, तर वैजनाथ पुजाऱ्यांच्या पुतण्याशी मैथिली जन्मात बोलली नसती.

पण बंद पडली. प्रवासी खाली उतरले आणि मैथिली हॉटेलच्या सावलीत उभी राहून फोनवर भांडू लागली. भांडण तिच्या वेबसाइटचं होतं. तुळजापूरच्या भागवत पुजाऱ्यांची ही एकुलती एक लेक. वडिलांकडे पिढ्यान्‌पिढ्या येणारे यजमान, त्यांची गावं, कुळाचार, फोन नंबर, पूजेचे फोटो… सगळं तिनं स्वतः बनवलेल्या वेबसाइटवर मांडलं होतं. आता ती वेबसाइट जिच्या सर्व्हरवर होती, ती कंपनीच महिनाअखेर गाशा गुंडाळणार होती. मैथिलीनं घाईघाईनं सगळ्या फाइल उतरवून घेतल्या. घरी उघडून बघितलं, तर फोटो जागेवर आणि यजमान गायब.

"फाइल घेतल्या, पण डेटाबेस घेतला का?" शेजारून कुणीतरी विचारलं.

हातात चहाचा ग्लास धरून एक उंच मुलगा उभा होता. डोळे हसरे. हसऱ्या डोळ्यांचा मैथिलीला पहिल्यापासून संशय. फोटो नि पानं फाइलींमध्ये असतात, नावं-गावं डेटाबेसमध्ये, आणि तो वेगळा उतरवावा लागतो, असं त्यानं समजावलं. पुण्याच्या एका कंपनीचं हेच काम तो घरून करत होता. मदत करतो म्हणाला. नाव गुरुप्रसाद. घर तुळजापुरातच… वैजनाथकाकांचं.

मैथिलीसाठी त्यानं मागवलेला चहा तिथंच राहिला. एका यजमान घराण्यावरून तिच्या बाबांचं आणि वैजनाथकाकांचं बोलणं कधीचं बंद होतं. पुजारी माणूस शेजाऱ्याला गाडी देईल, घराची किल्ली देईल, पण यजमानांची नावं देणार नाही. ती गेली की पिढ्यांचं पोट गेलं. आणि हा नेमका तीच उतरवून द्यायला निघालेला.

पण दुसरं कुणी मिळेना. शेवटी मैत्रीण ज्ञानेश्वरीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं ठरलं, बाबांना न सांगता. अट एकच. त्यानं मैथिलीच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. दोन्ही हात टेबलावर, तिला दिसतील असे. तो सांगेल, ती बटणं दाबेल.

त्यानं मुकाट्यानं हात टेबलावर ठेवले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा न सांगताच भिंतीकडे तोंड करून बसला. त्यानं तर तिचा संशय आणखीच वाढला. इतका सज्जनपणा कुणाला उगाच सुचतो का?

"पाणी पिऊ का?" भिंतीकडे बघतच त्यानं विचारलं. "का त्यालाबी परवानगी लागंल?"

"प्या. डाव्या हातानं."

तो खरंच डाव्या हातानं प्यायला. निम्मं शर्टावर सांडलं. मैथिलीला हसू आलं, हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला, आणि पासवर्ड चुकला.

डेटाबेस उतरला. पण गुरुप्रसादचं समाधान होईना. बॅकअप पुन्हा उभा करून बघितल्याशिवाय खरा मानायचा नाही, हा त्याचा शिरस्ता. मैथिलीच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपेना, म्हणून त्याच्या लॅपटॉपवर, तिच्या डोळ्यांदेखत, वेबसाइटची नक्कल उभी राहिली. सगळे यजमान परत आले.

"आता सगळ्यात शेवटची नोंद उघडा," तो म्हणाला. "ती आली म्हणजे सगळं आलं."

मैथिलीचा हात थबकला. शेवटची नोंद तिनं त्याच सकाळी केली होती. तारामतीबाई, मुक्काम पोस्ट ईट, तालुका भूम. अशी बाई जगात नव्हतीच. नंबर होता मैथिलीच्याच दुसऱ्या सिमचा, जो कुणाकडेच नव्हता. ही यादी चोरीला गेली, तर वैजनाथकाकांचे फोन यजमानांना जाणार, आणि एक फोन इथं वाजणार. चोर आपल्या पायानं चालत येणार.

न उघडावं तर संशय त्याला येणार. तिनं नोंद उघडली. त्यानं एकदाच बघितलं… ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि तो गप्प राहिला. मग तिनं त्याला ती नक्कल पुसायला लावली. कचराटोपलीसुद्धा रिकामी करवून घेतली. तरी मन खाईच. पुसलेलं परत आणणं हाच तर ह्या लोकांचा धंदा.

त्या दिवसापासून दुसऱ्या सिमचा फोन तिच्या ओढणीला चिकटला. सुरुवातीला वाटायचं, एकदाचा वाजू दे, म्हणजे आपलं खरं ठरेल. पुढं पुढं ती देवीला विनवू लागली, वाजू नको देऊस. यजमान गेले तर बाबांच्या समोर उभं राहायची सोय नव्हती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती… तो चोर निघायला नको होता. डाव्या हातानं पाणी पिणारा तो माणूस तिला आवडला होता, लई आवडला होता.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"ईटच्या तारामतीबाई का?"

त्याचाच आवाज. मैथिलीनं म्हाताऱ्या बाईसारखा घसा जड केला. "व्हय. कुणी दिला नंबर?"

"कुणी न्हाय. भागवत पुजाऱ्यांच्या यादीतून चोरला."

तिचे डोळे भरून आले.

"एकच चोरला," तो हळूच म्हणाला. "बाकीच्या एकाही यजमानाला फोन गेलाय का, विचारून बघा. मैथिली… ईटचे समदे यजमान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या काकांचे. तिथली तारामतीबाई तुमच्या दारात कशाला येईल?"

आपल्या यादीतल्या कुणाशी गल्लत होऊ नये, म्हणून मैथिलीनं आपल्याकडे एकही यजमान नसलेलं गाव निवडलं होतं. ते गाव आपल्याकडे का नाही, हा विचारच केला नव्हता.

"म्हणजे सापळा ओळखला होतात?"

"बघितल्या बघितल्या. नंबर तुमचाच असणार हेबी कळलं."

"मग तरी फोन केलात?"

"सरळ मागितला असता, तर दिला असता का?"

तिला खोटं बोलावंसं वाटेना. "न्हाय."

"म्हणून तर पाठ केला. मला तुम्ही आवडता. संशयासकट."

मैथिलीनं ओढणीनं डोळे पुसले.

"उद्या घरी ये," ती म्हणाली. "बाबांना मी आजच सांगते, काम कुणी केलं ते. तू समोर येऊन कुणाचा पुतण्या ते सांग."

आता घाबरायची पाळी त्याची होती. "ते मला उंबऱ्याच्या आत घेतील?"

"ते ठाऊक न्हाय," मैथिली म्हणाली. "पण तू बाहेर थांबलास, तर मीबी बाहेर थांबेन."