आधी चाखा!

माझ्या रश्श्यात न चाखताच सोया सॉस ओतणाऱ्या माणसाच्या मी प्रेमात पडेन, असं कुणी सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यात झाराच घातला असता मी. खरंच!

ऑक्टोबरातली दुपार. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा तो चिवट, बारीक पाऊस. माझं दुकान उदोनचं, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचं. तिथे स्टुलं सहा, त्यातलं खिडकीजवळचं तेवढं रिकामं. तो आत आला, छत्री झटकली आणि बसायच्या आधीच वाकून, दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं. आम्हा जपानी लोकांत असं कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, नीट वाचायचं, मगच ठेवायचं. मी हातसुद्धा पुसले नाहीत.

"नको," मी म्हटलं. "इथे नावं लागत नाहीत. काय खाणार तेवढं सांगा."

उद्धटपणा होता, मान्य. पण उगाच नव्हता. इथे आमचे जपानी साहेब येतात ते तीन वर्षांसाठी. रोज दुपारी समोर बसतात, घरची आठवण काढून नाक ओढतात, आपल्याला जीव लावतात... आणि बदलीचा हुकूम आला की मार्चात चालले! सुरुवातीला मी प्रत्येकाला नावाने ओळखायचे. विमानतळावर जाऊन रडायचे. मग म्हटलं, बास झालं. आता माझी गिऱ्हाइकं म्हणजे 'तळलेला टोफू', 'जास्तीचा कांदा', 'दोन वाडगे'.

आणि हा? त्याने जाड शेवयांच्या वाडग्यात डोकावून पाहिलं, बाटली उचलली आणि — सरळ धार सोडली!

"अहो!" मी ओरडलेच. "चाखून तरी बघा!"

"पण... याला रंगच नाही," तो बिचकत म्हणाला. "मी तोक्योचा. आमच्याकडे रस्सा कसा, काळाभोर—"

"आणि मी ओसाकाची! आमच्याकडे वाडग्याचा तळ दिसला नाही तर करणाऱ्याला लाज वाटते. इथलं पाणी इतकं जड की समुद्री शेवाळाची चव रश्श्यात उतरता उतरत नाही. सकाळी उठून ते पाणी गाळत बसते मी. कुणासाठी? तुम्ही त्यात काळं ओतावं म्हणून?"

त्याने मान खाली घालून सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या बाटल्या आत नेऊन ठेवल्या. तो आलाच. तेच स्टूल. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, याचा रस्सा खाता खाता गडद होतोय.

"मूठ उघडा," मी म्हटलं.

"कुठली?"

"दोन्ही!"

डाव्या मुठीत इवलासा प्लास्टिकचा मासा निघाला. आमच्याकडे मुलांच्या डब्यात सोया सॉस भरून देतात ना, तो!

"लाज नाही वाटत? एवढा बाप्या माणूस, चोरून सॉस घालता?"

"दोनच थेंब," त्याचे कान लालबुंद झाले. "परवा चार होते. कमी करतोय... तुमच्यासाठी."

तुमच्यासाठी म्हणे! मी चिडलेच होते. पण त्या दिवसापासून तो आला की मी तळहात पुढे करायचे, तो निमूटपणे मासा त्यावर ठेवायचा, आणि जाताना परत न्यायचा. ठेवताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळायची... आणि मीही हात मागे घ्यायचे नाही. डिसेंबरात एकदा मासा काठोकाठ भरलेलाच आला, आणि नंतर रोज तसाच.

"आज हा भरलेला कसा?"

"लागत नाही आता," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझा टोफू करपला.

मग जानेवारीत ती यादी आली. नव्याने येणाऱ्या मंडळींसाठी आमच्या इथल्या जपानी मंडळाचं मासिक दरवर्षी छापतं, आपलं जेवण कुठे चांगलं मिळतं त्याची. तेवीस नावं! सुशीवर अंड्याचा पांढरा सॉस पिळणारासुद्धा होता त्यात. मी नव्हते.

"कुणी केली ही?" मी विचारलं.

"तुमच्या खिडकीवाल्यानेच. यंदा मंडळाने ते काम त्याच्याकडे दिलं होतं," 'दोन वाडगे' म्हणाले.

तो आला, सवयीने मासा माझ्यापुढे ठेवला, पण मी रस्सा वाढलाच नाही. सोया सॉसची मोठी बाटली समोर आदळली. "प्या!"

"ऐका ना... मुद्दामच नाही लिहिलं. सहाच स्टुलं आहेत. गर्दी झाली असती तर मला जागा—"

"वा रे वा! तुम्हाला बूड टेकायला मिळावं म्हणून माझं दुकान लपवून ठेवलंत? आणि मार्चात तुम्ही चालते झालात की त्या स्टुलाचं मी काय लोणचं घालू?"

त्याचा चेहरा उतरला. "हुकूम... आलाय. परवाच. माझी तीन वर्षं संपली."

"मग मार्चपर्यंत कशाला थांबता? आत्ताच निघा!"

तो वाकला आणि निघून गेला. मासा माझ्याकडेच राहिला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. खिडकीजवळच्या स्टुलावर मी कुणाला बसू देईना. मोडलंय म्हणून सांगायचे. मला संताप येत होता. त्याचा, त्याच्या कंपनीचा, सगळ्यात जास्त माझाच. नावही न विचारलेला माणूस मला हवा होता, आणि मीच त्याला हाकललं होतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी दाराबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात मासिकाचा नवा अंक. मी एकाच्या हातून ओढूनच घेतला. 'यादीत एक दुकान राहिलं, चूक माझी. स्टेशनमागचं ओसाकाचं उदोन. आधी चाखा. सॉस मागू नका, मालकीण चिडते.'

आणि रांगेच्या शेवटी तो! काखेत एक लाकडी स्टूल.

"विमान चुकलं वाटतं?" माझा आवाज उगाचच चढला.

"गेलोच नाही. नोकरी सोडली."

"वेडबीड लागलंय का तुम्हाला?"

"असेल. हे कुठे ठेवू? तुमच्या गिऱ्हाइकांची जागा अडवायची नाही मला."

स्टूल खाली ठेवून त्याने दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. नवं कोरं. माझे हात पिठाने भरलेले. मी ते धुतले, पुसले, पुन्हा पुसले. अख्खी रांग बघत होती. मग दोन्ही हातांनी कार्ड घेतलं. कंपनी इथलीच. पत्ता इथलाच.

"कुझे... हिरोनोबु," मी वाचलं. पुढचं धूसर झालं.

"सहा महिने लावलेत," तो म्हणाला.

"लावणारच! आधी सॉस ओतला कुणी?" मी डोळे पुसले. "स्टूल आत घ्या, माझ्या बाजूला. आणि कांदा चिरायला लागा."

कार्ड मी एप्रनच्या खिशात ठेवलं. तिथे तो मासा होता, जानेवारीपासून, तसाच भरलेला.