सतराव्या अर्जाचं पहिलं पान

वकिलांना सनद देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या साहेबांनो, तुम्ही चोराला पाठीशी घातलंत. सगळे कागद तुमच्या टेबलावर आहेत. वाचायचे नसतील तर ऐका.

मंगळवारी सकाळी थोरल्या वकिलांनी टायपिस्टबाईंपुढे दोन मसुदे टाकले. एक, चोवीस वर्षांच्या पुतण्याला ज्युनिअर म्हणून नेमल्याचा. दुसरा, शिपाईमामांना काढून टाकल्याचा. बावीस वर्षांची नोकरी चार ओळींत संपत होती.

मामांचा गुन्हा? त्यांच्या मुलीने त्याच जागेसाठी अर्ज केला होता. 'सोबतचं पत्र जोडलेलं नाही' असा शेरा पडून तो बाद झाला. मामा सोमवारी पक्षकारांसमोर वकीलसाहेबांना बोलून गेले, "पत्र मी माझ्या हाताने टाचलं होतं, साहेब."

हे बोलणारा माणूस साहेबांच्या आईची तसबीर रोज पुसायचा. त्या वारल्या ते साल तसबिरीखाली होतं. मामा नोकरीला लागायच्या नऊ वर्षं आधीचं.

बाईंनी आवक रजिस्टर उघडलं. शनिवार. अर्ज क्रमांक सतरा, पाने तीन. अक्षर त्यांचंच. आता फाइलमध्ये पानं दोन, आणि पहिलंच, पत्राचं, गायब. रविवारी फाइल होती साहेबांच्या घरी.

पुतण्याचा अर्ज रजिस्टरमध्ये नव्हताच. सोमवारी साहेबांनी तो बॅगेतून काढला होता. "घरी राहिला होता. आत घ्या."

बाईंनी त्याचं पत्र वाचलं. शेवटच्या परिच्छेदावर बोट थांबलं.

'तेरा वर्षांचा असताना बाबांच्या आईच्या ऑपरेशनचा फॉर्म मी भरला. डाव्या डोळ्याऐवजी उजवा लिहिला. चांगला डोळा कापला गेला. तेव्हापासून मी प्रत्येक कागद दोनदा वाचतो.'

जाहिरात बाईंनीच टाइप केली होती. कच्च्या मसुद्यात चार अटी होत्या. चौथी अशी, की स्वतःची एक मोठी चूक पत्रात लिहा. साहेबांनी ती काढायला सांगितली होती. "लोकांची रडगाणी कोण वाचत बसणार?" छापून आल्या त्या तीनच.

मग न विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आलं कुठून?

त्यांनी मामांना जिन्यात गाठलं.

"मुलीने जाहिरात कुठे वाचली?"

मामा फडक्याची घडी घालू लागले.

"पेपरात?"

"नाही बाई. रद्दीच्या टोपलीत. पाठकोरे कागद मी घरी नेतो, पोरगी त्यावर लिहिते. तिला वाटलं, हीच जाहिरात."

"चूक कुठली लिहिली तिने?"

मामांनी मान फिरवली. "माझ्या आईचा डोळा. अजून रडते हो पोरगी. म्हणते, आजीला मी आंधळं केलं."

बाई त्यांना घेऊन सरळ केबिनमध्ये शिरल्या. पुतण्या खुर्चीत रेलून मोबाइल बघत होता.

"झालं टाइप?" साहेबांनी विचारलं.

"एक शंका आहे. चौथ्या अटीचं उत्तर या पत्रात कसं?"

"मीच दाखवला मसुदा. घरातला मुलगा आहे. पुढे?"

बाई पुतण्याकडे वळल्या. "तुमच्या आजीचा कुठला डोळा गेला हो?"

"उजवा. लिहिलंय की."

"बाबांच्या आईच ना?"

"हो. किती वेळा सांगू?"

"मग वर बघा."

त्याने तसबिरीकडे पाहिलं आणि मोबाइल हळूच खिशात टाकला.

"तुमच्या बाबांची आई म्हणजे साहेबांची आई," बाई म्हणाल्या. "त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली. तुम्ही तेरा वर्षांचे होतात अकरा वर्षांपूर्वी. हा डोळा मामांच्या आईचा आहे. शनिवारी पत्र आलं, रजिस्टरला नोंद आहे. फाइल साहेबांनी घरी नेली, पत्र त्यांनीच काढलं. तुम्ही उतरवून घेतलंत आणि 'वाचते'चं 'वाचतो' केलंत. आजी तेवढी बदलायची राहिली."

पुतण्या पुटपुटला, "काका, तुम्ही म्हणालात नुसतं उतरव..."

"गप्प बस!"

साहेबांनी चष्मा पुसला. आवाज एकदम गोड झाला. "मामा, मसुदा घरी नेलात ना? म्हणजे ऑफिसचे कागद चोरलेत. बाई, कारण बदला आणि टाइप करा."

मामा तसबिरीखाली उभे होते. फडकं हातातच. "नोकरी घ्या साहेब. तुमच्या आईला बावीस वर्षं पुसलं मी. माझ्या आईचा डोळा तेवढा पोरीला परत द्या."

साहेबांनी घंटी वाजवली. दारात कोणी आलं नाही. घंटीला येणारा माणूस समोरच उभा होता.

बाईंनी टाइप केलं, पण तुम्हाला उद्देशून, तक्रार म्हणून. रजिस्टरची नक्कल जोडली, पुतण्याचं पत्र जोडलं, दोन्ही मसुदे जोडले, तसबिरीचा फोटो जोडला.

आठ महिने झाले. पुतण्या कोर्टात उभा राहतो. मामा दुसऱ्या इमारतीचा जिना झाडतात. मुलीने पुन्हा अर्ज केलेला नाही.

वीस वर्षं आधीच मेलेल्या बाईचा फॉर्म तेरा वर्षांच्या पोराने कसा भरला?

उत्तर द्या.