हाक देणारी

शहरातून सकाळी गाडीने निघालं की जेवणाच्या वेळेला द्राक्षमळ्यांत पोचता येतं. मळे बघायचे, दोन घोट वाइन चाखायची, संध्याकाळी घरी. अशा सहलीत भिण्यासारखं काय असणार? चष्मेवाल्याच्या बायकोला तर आनंदाचं भरतं आलं होतं. लग्नानंतर नवरा पहिल्यांदाच दुकान बंद ठेवून तिला कुठेतरी नेत होता, आणि तेही तिच्या वाढदिवसाला.

चष्मेवाल्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको तापाने गेली, आणि गेल्यापासून रोज थोडी थोडी चांगली होत गेली. म्हणजे नणंदेच्या तोंडून. पहिलीचा हात हलका, पहिलीचा स्वभाव लाघवी, पहिली दुकानात बसली की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जायचं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं दुसरी मनात म्हणायची आणि भांडी जरा जोरातच आपटायची. जिवंत सवतीशी भांडता येतं, वेळ पडली तर तिच्या झिंज्या उपटता येतात. मेलेलीचं काय करणार? नवरा मात्र पहिलीबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि तिला सगळ्यात जास्त झोंबायचं ते तेच.

मळ्याच्या मधोमध दगडी इमारत होती. द्राक्षांची खुडणी संपत आली होती, आणि अंगणभर चिरडलेल्या सालींचा आंबूस वास कोंदला होता. तळघर सांभाळणारा म्हातारा नवऱ्याला बघून लगबगीने पुढे आला.

"अरे, आलात! बाटली न्यायला ना? किती वर्षं वाट बघतेय बिचारी. आणि वहिनी…" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि जीभ चावली.

"कसली बाटली?" तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा चष्मा पुसायला लागला. त्याचा चष्मा कधीच मळलेला नसे. तो पुसायला लागला की समजायचं, स्वारी काहीतरी लपवतेय.

"पूर्वी एक ठेवली होती आम्ही… मुरायला. म्हटलं, तुझ्या वाढदिवसाला उघडू."

"आम्ही म्हणजे कोण?"

त्याने चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वाढदिवस तिचा, आणि भेटायला आलाय तो पहिलीलाच!

तळघराचं दार म्हाताऱ्याने उघडलं तशी गार हवा पायांना लागली. दगडी पायऱ्या वळण घेत खाली अंधारात गेल्या होत्या. खालून एक बारीक, न थांबणारी फसफस येत होती. तिच्यावर पंख्याची घरघर.

"बाटल्यांच्या कोनाड्यांशेजारीच नवा रस आंबतोय," म्हातारा म्हणाला. "त्याचा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो. त्याला रंग नाही, की नाकाला कळेल असा वास नाही. माणसाला नुसती झोप येते. पंखा चालू आहे म्हणून सोडतोय. पण आमची एक रीत आहे. कोणी खाली उतरलं की एकाने वर थांबून हाका मारत राहायचं. खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही, तर खाली धावायचं नाही. ही घंटा बडवायची."

तेवढ्यात अंगणापलीकडून कोणीतरी ओरडलं. द्राक्षं पिळायचं यंत्र अडलं होतं.

"बाई, तुम्ही माराल ना हाका? मी आलोच," म्हणत म्हातारा तिकडे गेला. नवरा टॉर्च घेऊन खाली उतरला.

"अहो, आहात ना?"

"आहे."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "अहो?"

"आहे गं. कोळिष्टकं आहेत जरा."

मग खालून तो हसला. अगदी पोटातून, लहान मुलासारखा मोकळा. "सापडली! अगं, मानेला बांधलेली दोरी तशीच आहे. तिने मारलेली गाठ… अजून सुटत नाही बघ!"

हे हसू तिने कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या दिवसांच्या संसारात एकदाही नाही. घरात ती समोर बसलेली असताना हा माणूस मोजून मापून हसायचा, आणि इथे एका गाठीपुढे त्याने सगळं हसू सांडलं होतं.

ती वरच्या पायरीवर बसली आणि तिने तोंड मिटून घेतलं. बस म्हणावं तिच्याशीच गुजगोष्टी करत!

पंख्याची घरघर थांबली.

ते तिला कळलं. यंत्राच्या खटपटीत वीज गेली असावी, हेही लक्षात आलं. आता ती फसफस स्पष्ट ऐकू येऊ लागली… दारामागे खूप जण कुजबुजत असावेत तशी. हाक मारायला हवी होती. तिचा घसा बसला नव्हता, की जीभ टाळ्याला चिकटली नव्हती. ती मारत नव्हती, एवढंच. घंटेची दोरी हाताशी होती. तिने हात मांडीवरच ठेवला. त्याने आधी मला हाक मारावी, तिला वाटलं. एकदा तरी आपणहून मारावी, मग बघू.

खालून कोणी हाक मारली नाही. तिच्या कानांना त्या फसफसीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पायऱ्यांवर काहीतरी घासत वर येऊ लागलं. नवरा होता. गुडघ्यांवर, हातांवर, भिंतीला धरत तो वर आला. चेहरा पांढराफटक, चष्मा नाही, हात रिकामे. उंबऱ्यावर येऊन तो कोसळला. त्याच वेळी म्हातारा धापा टाकत पोचला आणि त्याला ओढत उघड्यावर घेऊन गेला.

"वीज गेल्याचं उशिरा कळलं, तसा धावत सुटलो," तो त्याला वारा घालत म्हणाला. "पण बाईंच्या हाका ऐकू येत होत्या म्हणून जिवात जीव होता. काय कळवळून बोलावत होतात बाई! पार यंत्रापर्यंत ऐकू येत होतं."

ती बघतच राहिली.

नवऱ्याने डोळे उघडले. "खाली बसलो होतो… इतकी गोड झोप येत होती… पण तू झोपूच देईनास. ऊठ म्हणालीस, वर ये म्हणालीस." त्याने तिचा हात घट्ट धरला. "आणि ते नाव! त्या नावाने आता मला कोणीच बोलावत नाही. तुला कोणी सांगितलं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिच्याकडे बघत होते. मी गप्प बसले होते, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण म्हणजे काय? आपल्या हाताने नवरा उचलून त्या मेलेलीच्या पदरात टाकायचा? आधी घर तिचं, कौतुक तिचं, आता त्याचा जीवही तिनेच वाचवलेला?

"मीच," ती म्हणाली. "मीच मारत होते हाका."

तळघराच्या दारातून गार हवेचा एक झोत आला. आंबलेल्या द्राक्षांचा वास थेट तिच्या घशात उतरला, घोटभर काही गिळल्यासारखा.

परतताना गाडी तिने चालवली. उन्हं कलली होती, मळ्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. नवरा तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता. असा तो कधीच बसला नव्हता. तिला सुखाने रडू येत होतं, आणि त्याच सुखाचा संतापही येत होता.

"एकदा परत बोलाव ना," तो म्हणाला. "त्या नावाने."

ते नाव तिला कुठे ठाऊक होतं? चालत्या गाडीत कसला चावटपणा, असं काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून तिने तोंड उघडलं.

नाव आलं.

आवाज मऊ होता, किंचित बसलेला, खूप वेळ हाका मारून बसतो तसा. नवऱ्याने डोळे मिटून "ओ" दिली.

तिने गाडी कडेला घेऊन करकचून थांबवली. अहो, ही मी नाही… सगळा जीव गोळा करून ती हे म्हणाली. ओठ हलले. बाहेर पुन्हा तेच नाव पडलं, पहिल्यापेक्षा लाडिक.

"आता सोडून नाही जायचं हं," तो डोळे न उघडताच म्हणाला.

"नाही जाणार," तिच्या तोंडून उत्तर गेलं, आणि तिच्याच हातांनी गाडी पुन्हा सुरू केली.